तेरा ते सात ठिपक्यांवर जपानी नक्षी: काढायची कशी आणि पाश्चात्त्य वस्तूंवर ओळखायची कशी

तेरा ते सात ठिपके. मधल्या ओळीत तेरा, मग वर आणि खाली एकेक कमी करत सातापर्यंत, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. रांगोळी काढणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. याच ठिपक्यांवर जपानची बहुधा सगळ्यात ओळखीची नक्षी बसते. तिचं नाव असानोहा. ‘असा’ म्हणजे धाग्यासाठी लावलं जाणारं भांगेच्या जातीचं झाड आणि ‘हा’ म्हणजे पान. हे झाड सरळ आणि भराभर वाढतं, म्हणून मूलही तसं वाढावं या इच्छेने तान्ह्या बाळाच्या कपड्यांवर ही नक्षी घालायची रीत तिथे पडली.

जपानी नक्षीचा युरोप-अमेरिकेवर काय परिणाम झाला, हे बहुतेक ठिकाणी चित्रं दाखवून सांगतात: हा करकोचा जपानी, हा पंखा जपानी, हा बांबू जपानी. माझ्या मते ते अर्धंच आहे. पाश्चात्त्यांनी जपानकडून दोन गोष्टी घेतल्या. आधी चित्रं उचलली, आणि मग हळूहळू ती चित्रं कागदावर बसतात कशी, जागा मोकळी कुठे सुटते आणि नक्षी कुठे तुटते, हे उचललं. फरक पडला तो दुसऱ्या उचलीमुळे. आणि ती डोळ्यांना दिसायची असेल तर तीन-चार नक्ष्या आधी स्वतः काढून बघाव्या लागतात. म्हणून या लेखात आधी पेन्सिल आणि मग इतिहास.

साहित्य

एक मिलिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद, टोकदार पेन्सिल, पट्टी, कंपास. शिवायचं असेल तर गडद निळं सुती कापड, पांढरा दोरा आणि लांब सुई. बस.

असानोहा

पहिल्यांदा मी ही नक्षी काढली तेव्हा एक चूक केली, ती तुम्ही करू नका. ठिपक्यांमध्ये एक सेंटिमीटर अंतर ठेवलं आणि दोन ओळींमध्येही एकच सेंटिमीटर. सगळं जोडून झाल्यावर पानं उभी ताणल्यासारखी दिसायला लागली. कारण साधं आहे. ही नक्षी समभुज त्रिकोणांवर उभी असते, आणि समभुज त्रिकोणाची उंची त्याच्या बाजूपेक्षा कमी असते, बाजूच्या साधारण ०.८७ पट. आलेख कागदावर यासाठी सोपं माप म्हणजे ठिपक्या-ठिपक्यात ८ मिलिमीटर आणि ओळी-ओळीत ७. फरक इतका किरकोळ राहतो की डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक पुढची ओळ ४ मिलिमीटर सरकवून सुरू करायची. तेरा ते सातची आकृती ९६ बाय ८४ मिलिमीटरमध्ये मावते. ठिपके होतात एकशे सत्तावीस.

आता त्यातले मोठे ठिपके निवडा. मधल्या, तेराच्या ओळीत पहिला, चौथा, सातवा, दहावा आणि तेरावा गडद करा. तिच्या लगेच वरच्या दोन ओळी सोडून द्या. तिसरी ओळ दहा ठिपक्यांची आहे, तिथेही पहिला, चौथा, सातवा, दहावा. पुन्हा दोन सोडा आणि सातच्या ओळीत पहिला, चौथा, सातवा. खालच्या बाजूला हेच. एकोणीस मोठे ठिपके झाले पाहिजेत. कमी-जास्त झाले तर कुठेतरी ओळ चुकली आहे, पुढे जाऊ नका.

शेजारशेजारचे मोठे ठिपके सरळ रेषांनी जोडा: आडव्या, उजवीकडे झुकलेल्या, डावीकडे झुकलेल्या. चोवीस मोठे त्रिकोण तयार होतील. प्रत्येक त्रिकोणाच्या पोटात बरोबर मधोमध एकच छोटा ठिपका उरलेला दिसेल. तिसरा-तिसरा ठिपका घेतला तो याच्यासाठीच. आता शेवटचं काम: प्रत्येक त्रिकोणातल्या त्या एकट्या ठिपक्यापासून त्याच त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांना रेषा काढा.

इथे थोडं थांबून कागदाकडे नीट बघा. तुम्ही फक्त त्रिकोण काढले, पान एकही काढलं नाही, तरी पानं दिसतात. आतल्या प्रत्येक मोठ्या ठिपक्याभोवती सहा चौकोनी पाकळ्या आहेत आणि त्रिकोणाची जी बाजू तुम्ही आधी काढली होती, ती आता पाकळीच्या मधली शीर झाली आहे. शिवाय एका फुलाची पाकळी तीच शेजारच्या फुलाचीही पाकळी. फूल कुठे संपतं आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते, ते सांगताच येत नाही, कारण पार्श्वभूमी उरलेलीच नसते. हे लक्षात ठेवा, पुढे व्हिएन्नाला पोचल्यावर लागेल.

आकृतीच्या कडेला पानं अर्धी तुटतात. ती पूर्ण करायची नाहीत.

लाटा आणि वर्तुळं

पुढच्या दोन नक्ष्या एकाच कागदावर, एकाच कंपासने होतात. फरक फक्त ओळ किती वर सरकवायची याचा.

सेइगाइहा म्हणजे समुद्राच्या लाटा. कंपास २ सेंटिमीटरवर ठेवा. कागदाच्या तळाला ४-४ सेंटिमीटरवर केंद्रं घेऊन एकमेकांना टेकलेली वर्तुळं काढा, आणि प्रत्येकाच्या आत दीड, एक आणि अर्ध्या सेंटिमीटरची वर्तुळं. ही सगळ्यात पुढची लाट. दुसऱ्या ओळीची केंद्रं २ सेंटिमीटर बाजूला आणि १ सेंटिमीटर वर घ्या. आता वर्तुळं पूर्ण काढायची नाहीत. आधीच्या ओळीची रेष आडवी आली की कंपास उचलायचा. तिसरी ओळ दुसरीच्या मागे, चौथी तिसरीच्या मागे. खालून वर जायचं हाच यातला नियम. वरून खाली काढायला घेतलं तर अर्धा वेळ खोडरबर हातात राहतो.

शिप्पो, म्हणजे सप्तरत्नं. पुन्हा तीच २ सेंटिमीटरची टेकलेली वर्तुळं, फक्त आतली वर्तुळं नकोत. पुढची ओळ २ सेंटिमीटर बाजूला आणि यावेळी पूर्ण २ सेंटिमीटर वर. सगळी वर्तुळं पूर्ण काढा. प्रत्येक वर्तुळात बदामाच्या आकाराच्या चार पाकळ्या आणि मध्ये आत वळलेल्या बाजूंचा एक तारा मिळेल. पाकळ्या रंगवल्या तर फुलं दिसतात, तारे रंगवले तर जाळी.

बाकीच्या नक्ष्या नुसत्या नावाने माहीत असल्या तरी चालतील. किक्को म्हणजे कासवाच्या पाठीचे षटकोन, उरोको म्हणजे खवल्यांचे त्रिकोण. इचिमात्सु म्हणजे दोन रंगांच्या चौकटी, अठराव्या शतकातल्या सानोगावा इचिमात्सु या काबुकी, म्हणजे जपानी नाटकांतल्या, नटाच्या पोशाखावरून हे नाव पडलं. टोकियो २०२० ऑलिंपिकचं निळं चिन्ह हे त्याच चौकटींचं नवं रूप. सायागातामध्ये तिरप्या स्वस्तिकांचे हात लांबवून एकमेकांत अडकवलेले असतात. आपल्याकडच्या माणसाला ती लगेच ओळखू येते, कारण स्वस्तिक बौद्ध धर्माबरोबर तिथे पोचलं.

सुईने काढायची असेल तर

साशिको हा जपानी टाका म्हणजे आपला साधा धावदोराच आहे. उत्तर जपानच्या तोहोकु भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकरी-कोळ्यांच्या घरी तागासारखी जाडीभरडी कापडं एकावर एक ठेवून, दोऱ्याने शिवून ऊबदार करत. आधी डागडुजी होती, नक्षी नंतर आली. गोधडी शिवणाऱ्या हाताला हे नव्याने शिकावं लागत नाही, फक्त एक सवय मोडावी लागते: साशिकोत वरचा टाका लांब आणि मागचा आखूड, साधारण तिनाला दोन. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा दिसला की माप जमलं.

असानोहा शिवताना पान पान करत शिवू नका. आधी तिन्ही दिशांच्या लांब सरळ रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवून घ्या. मग आडव्या, उथळ नागमोडी रेषा: कोपरा, मधला ठिपका, पुढचा कोपरा, पुढचा ठिपका. शेवटी उरलेल्या छोट्या उभ्या रेषा, आणि त्यांच्यात उडी मारताना सुई दोन कापडांच्या मधून सरकवा म्हणजे मागे दोरे लोंबत नाहीत. एका मोठ्या ठिपक्यावर बारा रेषा येतात. सगळ्या नेमक्या त्या बिंदूवर टोचल्या तर तिथे गाठीसारखा फुगवटा येतो, म्हणून केंद्रात एका टाक्याएवढी मोकळी जागा सोडा. वळणावर दोरा किंचित सैल राहू द्या. पहिल्या धुण्यानंतर कापड आटतं, आणि ओढून शिवलं असेल तर सगळं चोळामोळा होतं.

छापा, आणि तो युरोपात कसा पोचला

कपडा रंगवायला जपानी कारागीर कागदाचे छापे वापरत. त्याला कातागामी म्हणतात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद, दोन-तीन थर कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसाने चिकटवलेले, म्हणून तो तपकिरी आणि पाण्याला न भिणारा. आजच्या मिए प्रांतातल्या सुझुका शहराचा भाग असलेली शिरोको आणि जिके ही गावं याची जुनी केंद्रं.

घरी करून बघायचं तर जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. तीवर शिप्पो उतरवा आणि फक्त पाकळ्या कापा. पाकळ्यांची टोकं एकमेकांना भिडतात तिथे दोन मिलिमीटरचा पूल राखा, नाहीतर मधला तारा सुटून हातात येईल. छापा पुढे सरकवून जोड जुळवायला कडेला सुईने दोन बारीक भोकं पाडा. जपानी कारागीर यांना ‘होशी’, म्हणजे तारे म्हणतात. एका वेळच्या छाप्याचा तारा पुढच्या वेळच्या ताऱ्यावर बसला की जोड दिसत नाही.

मेइजी काळात (१८६८ ते १९१२) हे वापरून झालेले छापे हजारोंनी युरोपात गेले. व्हिएन्नाच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात हाइन्रिख फॉन झीबोल्डने जमवलेला मोठा संग्रह आहे. कापड नाही, कपडा नाही, नुसता भोकं पाडलेला कागद. तो उजेडासमोर धरला की कापलेला भाग आणि राखलेला भाग सारख्याच वजनाचे दिसतात. कोलोमन मोझर हा नक्षीकार आणि त्याच्या व्हिएन्नाच्या सोबत्यांनी १९०० च्या आसपास कापडांसाठी आणि भिंतीच्या कागदांसाठी ज्या सपाट, एकमेकांत रुतलेल्या आकृत्या काढल्या, त्यांत नेमकं हेच आहे: दोन आकृत्यांमधली रिकामी जागा हीच तिसरी आकृती. तुमच्या असानोहात पार्श्वभूमी उरली नव्हती, ते आठवा.

पाश्चात्त्य वस्तू समोर आली तर काय बघायचं

आधी साल. अमेरिकी नौदल अधिकारी पेरीची जहाजं १८५३ मध्ये जपानला आली, करार १८५४ मध्ये झाला, आणि योकोहामाचं बंदर १८५९ मध्ये व्यापाराला उघडलं. त्याआधीही माल येत होताच. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरून डच लोक लाखेच्या वस्तू आणि आरिता या जपानी गावची चिनीमाती नेत, आणि जर्मनीतल्या मायसेनमध्ये अठराव्या शतकातच तिच्या नकला होत होत्या. पण नक्षीचं शास्त्र म्हणून जपानची दखल नव्हती. ओवेन जोन्सने १८५६ मध्ये जगभरच्या नक्ष्यांचा प्रचंड कोश काढला. त्यात भारत आहे, चीन आहे, इराण आहे, पण जपानला स्वतंत्र प्रकरण नाही. १८८० मध्ये थॉमस कटलरने एकट्या जपानी नक्षीवर अख्खं पुस्तक छापलं. मधल्या चोवीस वर्षांत १८६२ चं लंडनचं आणि १८६७ चं पॅरिसचं प्रदर्शन झालं. १८७२ मध्ये फिलिप ब्युर्ती या फ्रेंच समीक्षकाने या जपानी वेडाला ‘जापोनिझ्म’ हे नाव दिलं. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १८७५ मध्ये लिबर्टीचं दुकान उघडलं, तिथे पौर्वात्य माल मिळे. तेव्हा वस्तू १८६० नंतरची असेल तर जपानी प्रभावाची शंका घ्यायला जागा आहे.

मग विचारा: उचललंय काय, चित्र की मांडणी? यासाठी सगळ्यात चांगला नमुना म्हणजे १८६६ मध्ये फेलिक्स ब्राकमाँ या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसच्या रूसो या व्यापाऱ्यासाठी केलेली जेवणाची भांडी. त्यावरचे कोंबडे, मासे, फुलं होकुसाई या जपानी चित्रकाराच्या आणि इतरांच्या चित्रवह्यांतून सरळ घेतलेली आहेत. तेवढ्यावरून बघाल तर ही चोरीच. पण ताटात ती ठेवली कशी ते बघा. तोवर युरोपातलं ताट म्हणजे बहुतेक कडेने एकसारखी वेलबुट्टी आणि मध्ये गुच्छ. इथे एका बाजूला कोंबडा, पलीकडे एखादं फूल, कुठेतरी एक किडा, आणि मधला पांढरा भाग तसाच. कुठलीच गोष्ट दुसरीचा तोल सांभाळायला ठेवलेली नाही. हात आडवा धरून अर्धं ताट झाका. दुसऱ्या अर्ध्यात काय असेल याचा अंदाज येत नसेल, तर मांडणी जपानकडून आली आहे. अंदाज लगेच आला, तर वर कितीही करकोचे असोत, खालचं ताट जुनंच आहे.

तिसरं, नक्षी नसलेली जागा शोधा. एडवर्ड गॉडविन या इंग्रज वास्तुकाराचं १८६७ चं काळं साइडबोर्ड, म्हणजे भांडी ठेवायचं बुटकं कपाट, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर कोरीवकाम जवळजवळ नाहीच. उभ्या-आडव्या पट्ट्या, बंद कप्पे आणि मधल्या मोकळ्या जागा, एवढ्यावर सगळं उभं आहे. जपानी म्हणावं असं त्यावर थोडंच दिसतं, दारांवर बसवलेला उठावाचा जपानी कागद वगैरे. तरी मला ते त्या काळच्या पंखे-बांबू भरलेल्या शंभर वस्तूंपेक्षा जास्त जपानी वाटतं.

त्या शंभर वस्तू कशा असतात तेही सांगते, कारण जुन्या बाजारात गाठ त्यांच्याशीच पडते. १८७० आणि ८० च्या दशकातली चांदीची भांडी, टाइल्स, कार्डं. त्यांवर तिरपे, एकमेकांवर चढलेले चौकोन, प्रत्येकात वेगळी नक्षी, मागे तडकलेल्या बर्फासारख्या रेषा, आणि कुटुंबचिन्हांवरून घेतलेली सुटी वर्तुळं. ही घराण्यांची चिन्हं, म्हणजे कामोन, इंग्रज वास्तुकारांना फार आवडली. नेसफील्डसारख्यांनी ती फर्निचरवर आणि भिंतींवर कुठेही टाकली, आणि त्यांना चक्क ‘पाय’, म्हणजे खायचा गोल पदार्थ, म्हणायला लागले. चिन्ह कोणत्या घराण्याचं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

क्रिस्टोफर ड्रेसर हा ब्रिटिश डिझाइनर मात्र वेगळा. १८७६-७७ मध्ये तो काही महिने जपानभर हिंडला, कारखाने आणि मंदिरं बघून आला आणि १८८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याची धातूची भांडी बघा: खिळे आणि जोड लपवलेले नाहीत, पृष्ठभाग कोरा, आकार भूमितीचा. चित्र गळून पडलं आणि बांधणी उरली.

पॅरिसमध्ये झीगफ्रीड बिंग या कलाव्यापाऱ्याने १८८८ ते १८९१ जपानी कलेवर मासिक काढलं. १८९५ मध्ये ‘लार नूवो’ नावाचं दालन उघडलं, आणि त्या पाटीवरूनच एका अख्ख्या शैलीचं, आर्ट नूवोचं, नाव पडलं. या शैलीतल्या चाबकासारख्या वळत जाणाऱ्या रेषेचं मूळ मात्र एकट्या जपानमध्ये शोधू नका.

एकूणच घाईने शिक्का मारू नका. शिप्पोसारखी छेदणारी वर्तुळं रोमन फरशांवरही आहेत, दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचावी इतकी ती सोपी आहे. कंपास हातात आला की कुणीही तिथे पोचतो. जपानची कारकुसा ही वेल तर मूळची पश्चिमेकडून रेशीममार्गाने चीनमधून तिथे गेलेली. भारतीय छापील सुती कापडाला जपानी लोक ‘सारासा’ म्हणत आणि त्याच्या नकला स्वतः करत. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेतला निळा रंग, ती १८३१ च्या सुमाराची, बर्लिनमध्ये शोधला गेलेला आहे.

प्रत्यक्ष जपानी वस्तू बघून डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेल्या जपानी वस्तू तिथे आहेत. लाखेच्या डब्यांसमोर जास्त वेळ द्या. झाकणावरची नक्षी कडेवरून खाली उतरून डब्याच्या अंगावर चालू राहते का, ते वाकून बघा.

स्वतःचं काही करताना

उशीचा अभ्रा, वहीचं वेष्टण, भिंतीची एक पट्टी, काहीही घ्या. नक्षी एकच निवडा आणि रंग दोन. मग कापडाचा तिसरा हिस्सा तरी कोरा सोडा, आणि तो मधोमध किंवा कडेने सारखा नको, एका बाजूला ढकललेला असू द्या. नक्षी कापडाच्या मापात बसवू नका. आपल्याला चारी कोपरे सारखे आणि मध्यबिंदू मध्यावर ठेवायची सवय असते. इथे कागदावर नक्षी कापडापेक्षा मोठी काढा, तीवर कापडाच्या मापाची खिडकी कापलेला कागद ठेवा आणि ती खिडकी तिरकी-सरळ, वर-खाली सरकवत बघा. कुठेतरी एका कोपऱ्यात पान अर्धं तुटेल, वर्तुळाचा चतकोर दिसेल आणि उरलेली जागा एकदम मोठी वाटायला लागेल. तिथे थांबा, पेन्सिलीने कडा आखा. ते अर्धं पान पूर्ण करायला हात शिवशिवेल. तसंच राहू द्या आणि कात्री लावा.